होज रील भिंतीवर लावायच्या आधी ३० मीटरची दोरी घेऊन चालून बघा

माझ्या बॅगेत पाना, टेफलॉन टेप, प्रेशर गेज यांच्याबरोबर एक ३० मीटरची नायलॉनची दोरी कायम असते, आणि कुठल्याबी कॉम्प्लेक्समध्ये होज रीलचं, म्हणजे आग विझवायला भिंतीवरच्या ड्रमवर गुंडाळून ठेवलेल्या पाण्याच्या नळीचं, काम बघायला गेलो की पहिल्यांदा ती दोरी बाहेर काढतो. लोक विचारतात दोरी कशाला, नकाशा आहे की. नकाशावर मधे काउंटर नसतोय, कपड्याचे गठ्ठे नसतात, अर्धं खाली ओढलेलं शटर नसतंय. दोरीला हे सगळं लागतं, आणि नळीलाबी तेच लागणार आहे.

बरीच वर्षं कोल्हापुरात हे काम करतोय, राजारामपुरी, शाहूपुरी, लक्ष्मीपुरी, गांधीनगरचं कापड मार्केट, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतले शेड. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, शाहू महाराजांच्या काळातली ती वास्तू गेली, तेव्हापासून दुकानदार स्वतःहून फोन करून विचारायला लागलेत की आमच्या बिल्डिंगमधली ती लाल चकरी चालू आहे का बघा. बघायला गेलं की बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट दिसते, रील लावल्यापासून ती कुणी शेवटपर्यंत ओढलेलीच नाही. म्हणून सगळं सविस्तर लिहितोय, लावण्यापासून सांभाळण्यापर्यंत.

रील कुणासाठी असते

जिन्याजवळच्या लाल पेटीत गुंडाळून ठेवलेली कॅनव्हाससारखी जाड नळी म्हणजे हायड्रंट होज, ६३ मिमीची, ती फायर ब्रिगेडच्या आणि ट्रेनिंग घेतलेल्या माणसांसाठी. ती पूर्ण उलगडल्याशिवाय पाणी सोडताच येत नाही, आणि २० मिमीच्या नोझलमधून साडेतीन बारला (बार म्हणजे पाण्याचा दाब मोजायचं माप) पाणी सुटलं की मागं जवळजवळ २२ किलोचा धक्का बसतो, एकट्यादुकट्याला ती धरवत नाही. होज रीलची नळी १९-२० मिमीची, नोझलचं तोंड ५ मिमीच्या आसपास, ३ बारला धक्का सव्वा किलोचा. म्हणजे दुकानातली सेल्सगर्ल, रात्रीचा वॉचमन, चहा द्यायला आलेला पोरगा, कुणीपण धरू शकतो, आणि नळी चपटी होत नसल्यामुळं लागेल तेवढीच ओढून वापरता येते. आग कचऱ्याच्या डब्याएवढी आहे तोपर्यंतच तिचं काम. त्यामुळं प्रत्येक निर्णय घेताना मी एकच विचारतो, ट्रेनिंग नसलेला घाबरलेला एकटा माणूस हे एक-दोन मिनिटात करू शकेल का?

जागा ठरवणं, इथं घाई करू नका

जागा जिन्याजवळ किंवा बाहेर पडायच्या दाराजवळ पायजे, म्हणजे माणूस आगीकडं तोंड करून उभा असला तरी पाठीमागं सुटकेची वाट राहते. काही ठिकाणी मालक म्हणतात दर्शनी भागात लाल रंग नको, आत स्टोअरच्या कोपऱ्यात लावा. ऐकायचं नाही. आग स्टोअरमध्येच लागली तर रीलपर्यंत जाणार कोण.

मग दोरीचं एक टोक जिथं रील येणार तिथं धरायला लावायचं आणि दुसरं घेऊन त्या मजल्यावरच्या सगळ्यात लांबच्या दुकानाच्या सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात जायचं, काउंटरला वळसा घालून, रॅकच्या मधून, टॉयलेट आणि पँट्रीत पण. पाण्याची धार निदान ६ मीटर जाते हे खरं, पण मी ते ६ मीटर हिशोबात धरत नाही, कारण धार भिंतीतून किंवा रॅकच्या मागं जात नाही. प्रत्येक खोलीच्या दारातून नोझल आत गेलंच पायजे. दोरी कमी पडली तर दुसरी रील घ्या, नळीला जोड देऊन लांब करू नका, जोडाजवळ ती अडकतेबी आणि गळतेबी.

एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही ती म्हणजे दार. रील जिन्यात असेल आणि जिन्याला फायर डोअर असेल तर नळी ओढल्यावर ते दार उघडंच राहणार, आणि धूर जिन्यात शिरून वरच्या मजल्यावरच्या लोकांची वाट बंद करणार. जमत असेल तर रील दाराच्या आतल्या बाजूला, मजल्यावरच, पण दाराला लागून घ्यायची.

सामान घेताना

रीलसाठी आयएस ८८४ हे भारतीय मानक आहे, तो नंबर आणि आयएसआय मार्क बघून घ्या. बसवण्याच्या आणि देखभालीच्या पद्धतीसाठी आयएस ३८४४ आहे, तुमच्या कॉन्ट्रॅक्टरला ते माहिती पायजे, विचारून बघा. दुकानातच नळी उलगडून टेपनं मोजा, ३० मीटर म्हणून घेतलेली नळी ३० च भरली पायजे. ड्रम हातानं फिरवा, घासत असेल किंवा एका बाजूला लचकत असेल तर घेऊ नका. नोझल बंद-चालू होणारं पायजे, जेट आणि स्प्रे दोन्ही असेल तर चांगलं. स्विंग टाइप, म्हणजे ब्रॅकेटवर दारासारखी बाहेर वळणारी रील, थोडी महाग पडते पण मी तीच सांगतो, कारण माणूस डावीकडं पळाला काय आणि उजवीकडं पळाला काय, ड्रम त्याच्याकडं वळतो आणि नळी कडेला घासत नाही.

पाणी आणि प्रेशर

खरी गोम इथंच आहे, म्हणून जरा सावकाश वाचा. बऱ्याच जुन्या तीन-चार मजली बिल्डिंगमध्ये टेरेसच्या टाकीतून सरळ पाइप खाली आणून रील जोडलेल्या असतात, पंपच नाही. १० मीटर उंचीला साधारण १ बार प्रेशर मिळतं. टाकीचा तळ टेरेसपासून २ मीटर वर धरला तरी सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या रीलला जेमतेम ४ मीटर उंची मिळते, म्हणजे ०.४ बार, आणि धार जवळच पडते. खालच्या मजल्यावर बऱ्यापैकी पाणी येतं म्हणून सगळ्यांना वाटतं सिस्टीम चालू आहे. पाणी वाहत असताना रीलच्या व्हॉल्व्हपाशी अडीच ते तीन बार मिळायला पायजे, कारण ३० मीटर नळीतच थोडं प्रेशर खाल्लं जातं. म्हणून टेरेसवर बूस्टर पंप लागतोच, आणि बिल्डिंग उंच असेल तर खालच्या टाकीवर मेन पंप, जॉकी पंप (लाइनमधलं प्रेशर टिकवून ठेवणारा छोटा पंप), प्रेशर स्विच (प्रेशर पडलं की पंप आपोआप चालू करणारा) असा पूर्ण सेट.

प्रेशर तपासायची माझी पद्धत बादलीची आहे. सगळ्यात वरच्या मजल्यावरची रील पूर्ण उलगडायची, नोझल पूर्ण उघडून २० लिटरच्या बादलीत धरायचं आणि मोबाइलवर वेळ लावायचा. मिनिटाला निदान २४ लिटर पायजे, म्हणजे बादली ५० सेकंदांच्या आत भरली पायजे. मग नोझल बाहेर धरून धार ६ मीटर जाते का बघायचं. गेज नसलं तरी हे कुणालाबी जमतं.

टाकी किती मोठी ते बिल्डिंगच्या प्रकारावर आणि उंचीवर ठरतं, ते फायर एनओसीत, म्हणजे फायर ब्रिगेडच्या ना-हरकत दाखल्यात, लिहिलेलं असतं. पण एका रीलचा विचार केला तर मिनिटाला ३० लिटरनं ५००० लिटर पाणी अडीच तासांपेक्षा जास्त पुरतं, म्हणजे पाणी कमी पडत नाही, पाणी टाकीत असणं कमी पडतं. फायर आणि वापरायचं पाणी एकाच टाकीत असेल तर फायरचा पाइप तळातून आणि वापराचा पाइप वरच्या पातळीवरून काढा, म्हणजे उन्हाळ्यात पाणी कमी आलं, नळ कोरडे पडले तरी फायरचा साठा शिल्लक राहतो. टाक्या वेगळ्या असतील तर पाणी आधी फायरच्या टाकीत सोडून तिथून ओव्हरफ्लोनं वापराच्या टाकीत घ्या, फायरचं पाणी शिळं होत नाही.

पंपाची वायर बिल्डिंगच्या मेन स्विचच्या आधीपासून घ्या. एका कॉम्प्लेक्समध्ये आम्ही ड्रिल घेतलं, ठरल्याप्रमाणं वॉचमननं आधी मेन स्विच बंद केला आणि त्याच्याबरोबर पंपपण बंद, नळीतून थोडं पाणी आलं आणि संपलं. आग लागल्यावर लाइट बंद करणारच की सगळे, आणि करायलाच पायजे. म्हणून पंपाला वेगळी लाइन, वेगळा स्विच आणि त्यावर मोठ्या अक्षरात मराठीत पाटी.

आणि आपल्या कोल्हापूरची खास गोष्ट म्हणजे महापूर. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी शाहूपुरी, लक्ष्मीपुरी, व्हीनस कॉर्नर भागात शिरलं तेव्हा बेसमेंटमधले पंप आणि पॅनेल पाण्याखाली गेले. पूर ओसरल्यावर दुकानदार फर्निचर वाळवतात, माल बाहेर काढतात, फायरच्या पंपाकडं कुणाचं लक्ष जात नाही, आणि नेमक्या त्याच दिवसांत ओल्या वायरिंगमुळं शॉर्टसर्किटची भीती जास्त असते. तुमची बिल्डिंग पूरपट्ट्यात असेल तर पंपाचं पॅनेल आणि जमलं तर पंपच २०१९ आणि २०२१ च्या पाण्याच्या खुणांपैकी जी उंच असेल तिच्या वर घ्या. पूर येऊन गेला असेल तर जमिनीखालची टाकी पूर्ण उपसा, गाळ काढा, लाइन फ्लश करा, म्हणजे जोरात पाणी सोडून आतून धुवा, आणि मोटरचं इन्सुलेशन तपासल्याशिवाय स्विच टाकू नका.

फिटिंग

पाइप हेवी क्लासचाच, म्हणजे बाजारात ज्याला सी क्लास म्हणतात तो, जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) किंवा एमएस (साध्या लोखंडाचा). प्लॅस्टिकचा पाइप उघड्यावर चालणार नाही, आगीत तोच आधी वितळतो. उभ्या रायझरमधून, म्हणजे सगळ्या मजल्यांवरून जाणाऱ्या मुख्य पाइपमधून, रीलसाठी २५ मिमीची टॅपिंग घ्यायची, पैसे वाचवायला अर्ध्या इंचाची घेतली की वरच्या मजल्याची धार मेली म्हणून समजा. रायझरच्या टोकाला एअर रिलीज व्हॉल्व्ह बसवा, नायतर हवा अडकून पाणी धक्क्या-धक्क्यानं येतं.

भिंत कसली आहे ते ठोकून बघा. ३० मीटर नळीत साडेआठ लिटर पाणी मावतं, म्हणजे साडेआठ किलो वजन तिथंच वाढलं, शिवाय लोखंडी ड्रम, नळी आणि पळत ओढणाऱ्या माणसाचा हिसका. काँक्रीट किंवा चांगल्या विटेच्या भिंतीत १०-१२ मिमीचे अँकर फास्टनर बसतात. सिपोरेक्सच्या हलक्या, सच्छिद्र ब्लॉकमध्ये किंवा महाद्वार रोडकडच्या जुन्या माती-चुन्याच्या भिंतीत ते धरत नाहीत, तिथं भिंतीतून आरपार बोल्ट आणि मागं लोखंडी प्लेट टाकायची. व्हॉल्व्हचा दांडा जमिनीपासून साधारण १ ते १.२ मीटरवर ठेवतो मी, बुटक्या माणसाचापण हात पोचला पायजे. ड्रम १८० अंशात वळायला जागा आहे का ते भिंतीला भोक पाडायच्या आधी पुठ्ठा कापून फिरवून बघा.

रील जोडायच्या आधी लाइन फ्लश करा! हे काम निम्मे लोक गाळतात. पाइपला आटे पाडताना निघालेला चुरा, जोडाला गुंडाळलेला ताग, रंगाचे पापुद्रे, हे सगळं लाइनमध्ये असतंय आणि पहिल्यांदा पाणी सोडलं की सरळ जाऊन ५ मिमीच्या नोझलमध्ये बसतं. बादल्या भरून स्वच्छ पाणी येईपर्यंत वाहू द्या. त्यानंतर चालू प्रेशरच्या दीडपट प्रेशर भरून २ तास ठेवायचं, गेजचा काटा हलला तर गळती शोधायची, मगच पाइपला लाल रंग द्यायचा. आणि रंगाऱ्याला बजावून सांगा की व्हॉल्व्हचा स्पिंडल (फिरणारा दांडा) आणि रीलच्या मधला स्विव्हल, म्हणजे जिथं ड्रम फिरत असताना पाणी आत शिरतं तो भाग, रंगवायचा नाही. रंग वाळला की तो जाम होतो.

सगळं झाल्यावर वर सांगितलेली बादलीची टेस्ट, आणि शेवटची टेस्ट माझी आवडती. ज्यानं रील कधी बघितली नाही असा माणूस बोलवायचा, काही न सांगता रीलवरची पाटी वाचून लांबच्या कोपऱ्यात पाणी मारायला सांगायचं. तो जिथं अडखळेल तिथं तुमची पाटी किंवा फिटिंग चुकलंय, ते तेव्हाच दुरुस्त करा.

कागदपत्रं

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ प्रमाणे ही सगळी यंत्रणा चालू स्थितीत ठेवायची जबाबदारी मालकाची आणि भोगवटादाराची आहे. काम लायसन्स असलेल्या एजन्सीकडूनच करून घ्यायचं, बसवल्यावर ती फॉर्म ए, म्हणजे यंत्रणा नियमाप्रमाणे बसवल्याचा दाखला, देते आणि नंतर वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, फॉर्म बी, म्हणजे ती चालू स्थितीत असल्याचा दाखला, लागतो. फॉर्म बी वर सही करायला आलेल्या माणसाला तुमच्यासमोर प्रत्येक रील ओढायला लावा, नुसता फोटो काढून जाऊ देऊ नका.

सांभाळणं

आठवड्यातून एकदा नुसती नजर टाका. समोर माल रचलाय का, हे दिवाळीच्या आणि लग्नसराईच्या आधी हमखास होतं. नोझल जागेवर आहे का, पितळी नोझल भंगारात विकायला कुणीतरी काढून नेतं, तेव्हा वॉचमनला रोज रात्रीच्या फेरीत ते बघायची सवय लावा. पेटीला कुलूप असेल तर ते काढून टाका. टेरेसवर टाकी भरलीय का आणि पंपाचा सिलेक्टर ऑटोवर आहे का, कारण प्लंबर कधीतरी दुरुस्तीला बंद करतो आणि तसाच निघून जातो.

महिन्यातून एकदा प्रत्येक व्हॉल्व्ह पूर्ण उघडून पूर्ण बंद करायचा. वर्षानुवर्षं न फिरवलेला बॉल व्हॉल्व्ह क्षारांनी धरतो, बोअरचं पाणी असेल तर लवकरच, आणि मग गरजेच्या वेळी पान्याशिवाय हलत नाही. ५-१० मीटर नळी ओढा, थोडं पाणी सोडा, स्विव्हलमधून थेंब पडतोय का बघा. थेंब पडत असेल तर गळती अडवणारी ओ-रिंग किंवा ग्लँड बदलायचं, छोटं काम आहे, पण ते लांबवलं की कुणीतरी मागचा व्हॉल्व्हच कायमचा बंद करून ठेवतो आणि कुणाला सांगत नाही.

सहा महिन्यांनी, फॉर्म बी च्या वेळीच, प्रत्येक रील पूर्ण ३० मीटर उलगडायची. नळीवरून हात फिरवत जायचं, भेगा, फुगे, उंदरानं कुरतडलेलं, आणि विशेष करून ड्रमच्या पोटातला पहिला वेढा, जिथं नळी हबला, म्हणजे ड्रमच्या मधल्या भागाला, जोडलीय. तो भाग कायम वाकलेला असतो आणि तिथंच आधी चिरतो, पण नळी पूर्ण उलगडल्याशिवाय तो दिसतच नाही. पाच वर्षांनी नळीला जास्तीत जास्त चालू प्रेशर देऊन तपासायचं, शंका असेल तर नळी बदलायची. उन्हात असलेली रबरी नळी त्याच्या आधीच कडक होते.

गुंडाळायची पण पद्धत आहे. नोझल बंद, नळी पाण्यानं भरलेली असतानाच एकानं फिरवत आणि दुसऱ्यानं हातानं दाबून बसवत एकसारखे वेढे घालायचे, म्हणजे नळी गोल राहते, रिकामी गुंडाळली की वेढ्यांखाली दबून घड्या पडतात. मग व्हॉल्व्ह बंद करायचा, नोझल क्षणभर उघडून आतलं प्रेशर सोडायचं आणि परत बंद. नळीत प्रेशर कोंडून ठेवू नका.

आणि कृपा करून रीलनं पायऱ्या आणि गाड्या धुऊ नका, गणपतीच्या वेळी मांडवासमोर रस्ता धुवायलापण नको. नळी फरशीवर घासून झिजते, अर्धवट गुंडाळली जाते, टाकी रिकामी होते.

वापरायचं कसं, हे दुकानातल्या प्रत्येकाला सांगा

आधी ओरडून सगळ्यांना सांगायचं आणि १०१ ला फोन. दोघं असाल तर एक व्हॉल्व्हपाशी, एक नोझल घेऊन. एकटे असाल तर आधी व्हॉल्व्ह उघडा मगच नळी ओढा, उलटं केलं की परत पळत यावं लागतं. आगीजवळ जायच्या आधी नोझल क्षणभर उघडून पाणी येतंय याची खात्री करा. वाकून जा, धार ज्वाळांच्या टोकावर न मारता बुडाशी मारा. धूर डोक्याच्या पातळीला आला किंवा मिनिटभरात आग कमी झाली नाही तर नळी तिथंच टाकायची आणि दार ओढून घेऊन बाहेर पडायचं.

पाणी कापड, कागद, लाकूड, पुठ्ठा, गाद्या यांच्यासाठी. चालू इलेक्ट्रिक पॅनेलवर अजिबात नाही. हॉटेलवाल्यांनी तर नीट ऐका, कढईतलं तेल पेटलं तर पाणी मारायचं नाही, पाण्याची क्षणात वाफ होते आणि पेटतं तेल छतापर्यंत उडतं, तिथं गॅस बंद करून झाकण ठेवायचं. चप्पल बनवणाऱ्यांकडं सोल्युशनचे डबे असतात, थिनरचे असतात, तिथंपण पाण्यानं पेटलेलं द्रव पसरतं, त्यांनी फोम किंवा पावडरचं सिलिंडर जवळ ठेवायचं. वर्षातून दोनदा सगळ्या स्टाफला, रात्रीच्या वॉचमनला धरून, एकेकदा प्रत्यक्ष नळी ओढायला लावा. अर्धा तास जातो.

शेवटी एक वही ठेवा, पंपाजवळ दोरीनं बांधलेली. तारीख, कुठली रील, व्हॉल्व्ह फिरला का, नळी पूर्ण उलगडली का, आणि २० लिटरची बादली किती सेकंदात भरली. हा शेवटचा आकडा दर वेळी लिहाच. मागच्या वेळी ४२ होता, आता ४७ झालाय, म्हणजे अजून ५० च्या आत आहे पण कुठंतरी अडतंय. अशा वेळी आधी नोझल खोलून बघा, मग स्ट्रेनर, म्हणजे लाइनमधली गाळणी, काढून धुवा, मग पंपाच्या आधीचा आणि नंतरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे का बघा, आणि परत बादली लावा.